चाबी कोणाकडे?

२३ सप्टेंबर २०२३, शनिवार. पहाटे साडेपाचच्या सुमारास आमच्या संस्थेच्या चौकीदाराचा फोन आला. "ताई, आलमारीत पाणी शिरलं जी." कोणत्या आलमारीत, हे विचारायची गरज नव्हती. रात्रीतल्या काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला होता. अंबाझरी तलाव ओसंडला होता आणि नागनदी पात्र सोडून वस्तीत शिरली होती. अंबाझरी लेआउट, शंकरनगर, धरमपेठ, सीताबर्डी इथल्या लोकांनी ती पहाट कशी काढली, हे नागपूरकरांना सांगायला नको. मोरभवनच्या बसस्थानकात बसगाड्या अर्ध्या बुडाल्या होत्या. शंकरनगरच्या मूकबधिर विद्यालयातल्या मुलांना बाहेर काढावं लागलं. त्या मानानं आमचं नुकसान काहीच नव्हतं. एक खोली, एक लोखंडी आलमारी, आणि तिच्या खालच्या दोन कप्प्यांतली छत्तीस वर्षांची रजिस्टरं.

आमची संस्था म्हणजे घर सोडावं लागलेल्या बायकांसाठी सल्ला केंद्र आणि सोबत चार-सहा महिने राहण्याची सोय. संस्थेचं नाव मी लिहीत नाही. ते का, हे पुढे कळेलच.

मी दुपारी पोचले. पुढचे बारा दिवस आम्ही व्हरांड्यात दोऱ्या बांधून पानं वाळवली. टीपकागद लावला, पंखे लावले, डांबरगोळ्या ठेवल्या. १९६६ च्या नोव्हेंबरात इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात आर्नो नदी ग्रंथालयात शिरली, तेव्हा जगभरातले तरुण चिखलातली पुस्तकं काढायला धावले होते. आमच्याकडे दोन शिपाई, तीन कार्यकर्त्या आणि मी. या बारा दिवसांत शाईबद्दल जे शिकले ते कुठल्याही ग्रंथपालन अभ्यासक्रमात इतकं नीट कळलं नसतं. फाउंटन पेनची निळी शाई पूर्ण धुऊन जाते. जेल पेनही जवळजवळ तसंच. बॉलपेनची शाई तेलकट, ती टिकते. कार्बन पेपरची नक्कल मूळ प्रतीपेक्षा चांगली राहते. आणि सगळ्यांत पक्की शिसपेन्सिल. समासात पेन्सिलनं टाकलेले आकडे काल लिहिल्यासारखे होते.

पुढच्या फेब्रुवारीत एक बाई आली. नव्वदच्या दशकात ती आमच्याकडे पाच महिने राहून गेली होती. आता मालमत्तेच्या वादात, त्या काळात ती नवऱ्याच्या घरी नव्हती आणि का नव्हती, हे तिला कागदावर दाखवायचं होतं. तिचं पान सापडलं. पण त्या वर्षीच्या आमच्या चिटणीस बाई हौसेनं फाउंटन पेन वापरत. पानावर फिकट निळा डाग आणि समासात पेन्सिलनं लिहिलेला नोंद क्रमांक, एवढंच उरलं होतं. आम्ही तिला पत्र देऊ शकलो नाही.

दुसरा प्रसंग त्याच्या कितीतरी वर्षं आधीचा. एक माणूस मिठाईचा डबा घेऊन आला. एका मुलीचा भाऊ म्हणून बसला. बोलता बोलता टेबलावरचं उघडं आवक-जावक रजिस्टर त्यानं उलटं वाचलं. तो भाऊ नव्हता. मुलगी आमच्याकडून ज्या मावशीकडे गेली होती, तिचा पत्ता त्या पानावर होता. पुढे काय झालं ते मी इथे लिहिणार नाही.

एकाच तऱ्हेचं रजिस्टर. एकदा पुसलं गेलं म्हणून नडलं, एकदा वाचता आलं म्हणून. पुरानंतर कार्यकारिणीतल्या तरुण मंडळींनी 'सगळं क्लाऊडवर टाकू, एन्क्रिप्ट करून' असं ठरवलं, तेव्हा मी सत्तरीला आलेली बाई त्याला विरोध करीन असं त्यांना वाटलं असावं. विरोध नव्हता. माझा प्रश्न एवढाच होता, की चाबी कोणाकडे राहणार? (पुण्याकडे किल्ली म्हणतात, आम्ही चाबी.) या प्रश्नाचा माग काढताना जे हाती लागलं ते इथे मांडते आहे.

*

सेवाभावी संस्थांच्या दप्तराचा आपल्याकडचा कायदेशीर इतिहास १८६० च्या सोसायटीज रजिस्ट्रेशन अॅक्टपासून सुरू होतो. वर्षातून एकदा कार्यकारी मंडळाची यादी निबंधकाकडे द्यायची, हा त्यातला नेम. त्याच कायद्याचं एकोणिसावं कलम सांगतं, की निबंधकाकडे दाखल झालेले कागद कोणीही एक रुपया भरून पाहावेत. मला हे कलम फार आवडतं. संस्था लोकांच्या पैशावर चालते, तर लोकांना ती पाहता यावी. पुढे १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आला. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशची राजधानी होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला आणि काही वर्षांत तो कायदाही आपल्याला लागू झाला. बदल अर्ज, लेखापरीक्षण, ताळेबंद. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात ज्यांनी फायली घेऊन वाट पाहिली आहे त्यांना हे शब्द पाठ असतील. मग आयकर खातं, परदेशी देणग्यांचा कायदा, आणि अलीकडे प्रत्येक देणगीदाराच्या पॅन क्रमांकासकट यादी.

या सगळ्या कायद्यांचं क्रियापद एकच आहे: दाखवा. हिशेब दाखवा, सभासद दाखवा, लाभार्थी दाखवा. ज्याच्यासाठी संस्था काढली, तो माणूस या व्यवहारात आकडा म्हणून येतो किंवा फोटो म्हणून. देणगीदाराला अहवाल पाठवताना आम्हीही बायकांचे फोटो छापले आहेत. चेहऱ्यावर काळी पट्टी आणि खाली गावाचं नाव. चार हजार वस्तीच्या गावात त्या पट्टीनं काय झाकलं जातं? दप्तर ठेवायचं ते वर दाखवण्यासाठी, ही सवय इतकी मुरली, की ज्याचं नाव आत लिहिलं त्याचाही त्यावर काही हक्क असेल हे सुचायला फार वेळ लागला.

अर्थात काही माणसांना ते कायद्याच्या आधीच सुचलं होतं.

*

माझे वडील वर्धा जिल्ह्यात कुष्ठरोग सर्वेक्षणाचं काम करत. या कामाची वर्ध्याला मोठी परंपरा. दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ साली कुष्ठधाम उभारलं. पलीकडे वरोऱ्याला बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती काढली, तिचं आनंदवन झालं. आणि पन्नासच्या दशकात गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठाननं वर्ध्यातून कामाची एक पद्धत बसवली: घरोघर पाहणी, शिक्षण आणि उपचार. रोग्यानं आश्रमात यायचं नाही, आपण त्याच्या घरी जायचं. ही कल्पना मोठी होती. पण घरोघर जाणं म्हणजे घरोघर लिहिणंही आलं.

त्या नोंदीचं वजन आज कळणार नाही. १८९८ चा लेपर्स अॅक्ट पुस्तकातून निघाला तो २०१६ साली. रस्त्यावर भीक मागणाऱ्या कुष्ठरोग्याला पोलिसानं वॉरंटशिवाय पकडावं अशी त्यात तरतूद होती. घटस्फोटाचं कारण म्हणून कुष्ठरोग हिंदू विवाह कायद्यात होता, विशेष विवाह कायद्यात होता, मुस्लिम आणि ख्रिस्ती विवाहांच्या कायद्यांतही होता. तो काढायला २०१९ साल उजाडलं. म्हणजे रोग गोळ्यांनी पूर्ण बरा होऊ लागल्यावरही तीन दशकं, वहीतली एक ओळ एखाद्या बाईचं लग्न मोडायला पुरेशी होती.

वडिलांकडे दोन वह्या असत. एक सायकलच्या पिशवीतली. तिच्यात फक्त आकडे. गावाचा आकडा, घराचा आकडा, माणसाचा आकडा आणि चट्ट्यांचं शरीरावरचं ठिकाण. दुसरी घरी, आईच्या पेटीत, लुगड्यांखाली. तिच्यात आकड्यांसमोर नावं. पेटीला कुलूप, आणि चाबी आईच्या कमरेला. कामाच्या नेमात असं काही होतं का, मला माहीत नाही. मला वाटतं ही वडिलांची स्वतःची युक्ती. एकदा एका गावच्या पाटलानं सायकल अडवून वही मागितली. मुलीचं लग्न जमत होतं, मुलाकडच्या घरी कोणाला काही आहे का पाहायचं होतं. वडिलांनी वही खुशाल देऊन टाकली. पाटील पानं उलटत बसला आणि मग ती परत दिली. हा किस्सा ते दर दिवाळीला सांगत.

१९७९ साली मी नागपूरच्या एका धर्मादाय प्रसूतिगृहात रेकॉर्ड क्लार्क म्हणून लागले. सूतिकागृहांचीही नागपूरला जुनी परंपरा आहे. कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने यांनी १९२१ साली मातृसेवा संघ काढला, तेव्हापासूनची. मी होते ती जागा वेगळी, लहान. तिथे मला वडिलांच्या दोन वह्या सरकारी छापात भेटल्या. १९७१ चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा आणि त्याखालचे १९७५ चे विनियम. या कायद्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. त्यातल्या कागद सांभाळण्याच्या नियमांकडे मात्र कोणी पाहत नाही.

ते नियम असे. प्रत्येक बाईला प्रवेश नोंदवहीत एक अनुक्रमांक द्यायचा. दर वर्षी तो एकपासून सुरू, पुढे साल. केसपेपर, शस्त्रक्रियेच्या खोलीतलं रजिस्टर, पुन्हा तपासणीचं कार्ड यांत कुठेही तिचं नाव लिहायचं नाही, फक्त तो क्रमांक. संमतीपत्र पाकिटात घालून सील करायचं, पाकिटावर क्रमांक आणि डॉक्टरचं नाव, आणि ठळक अक्षरांत 'गुप्त'. प्रवेश नोंदवही ही गुप्त दस्तऐवज. ती रुग्णालयाच्या प्रमुखाच्या ताब्यात. कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणालाही दाखवायची नाही. आणि ती किती वर्षं ठेवायची तेही सांगितलेलं: पाच.

मी तेव्हा तेवीस वर्षांची. लाखेचा वास आणि पाकिटांचा गठ्ठा मला कटकट वाटे. आज संगणकवाले मोठमोठ्या शब्दांत जे सांगतात ते सगळं त्या लाखेत होतं. नाव आणि माहिती वेगळी करा. नाव कुलपात ठेवा. चाबी एका जबाबदार माणसाकडे द्या. काम संपलं की नष्ट करा. संस्थेच्या दप्तराला 'झाका' असं सांगणारा हा पहिला कायदा, निदान माझ्या पाहण्यातला. त्यानंतर असं स्पष्टपणे सांगितलं ते एचआयव्ही-एड्सच्या २०१७ च्या कायद्यानं. मधे चाळीसहून जास्त वर्षं.

दाखवणं आणि झाकणं एकमेकांच्या विरुद्ध असतं असंही नाही. जानेवारी १९८९ मध्ये गडचिरोलीच्या डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचा शोधनिबंध 'लॅन्सेट'मध्ये आला. दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या, त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. त्या आकड्यानं स्त्रियांच्या आरोग्याबद्दलची जगाची समजूत हलवली. गडचिरोलीतल्या बाईनं लाजेपोटी सख्ख्या बहिणीला न सांगितलेली गोष्ट लंडनपर्यंत गेली, आणि तरी कोणा एकीचं नाव कुठे गेलं नाही. आकडा उघडा, नाव झाकलेलं. संस्थेचं अर्धं कसब यातच असतं असं माझं मत आहे.

*

आता संगणक. आमच्याकडे तो १९९८ साली आला आणि पहिली दहा वर्षं टायपिंगपुरताच राहिला. त्या काळी मराठी टाइप करायचं ते युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये. आज त्या फायली उघडल्या तर इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं यांची खिचडी दिसते, कारण तो फॉन्ट आता कोणाच्या यंत्रात नाही. म्हणजे आम्ही नकळत दहा वर्षांचं दप्तर कूटलिपीत टाकलं होतं! चोराला वाचता येत नाही हे खरं, पण आम्हालाही येत नाही. महाराष्ट्रातल्या किती संस्थांचा नव्वदच्या दशकातला इतिहास असा पडून असेल कोण जाणे.

मग ई-मेल आणि फुकटचं क्लाऊड. एका उत्साही स्वयंसेवकानं स्वतःच्या नावानं खातं उघडलं, पाच वर्षांचे अहवाल आणि फोटो त्यात टाकले, आणि नोकरी लागून तो बेंगळुरूला गेला. मुलगा सज्जन. पण तो पासवर्ड विसरला, आणि फोन क्रमांकही बदलला. दोष कोणाचाच नाही म्हटलं तरी चालेल. चाबी त्याच्या खिशात राहील याचा विचारच आम्ही केला नव्हता.

क्लाऊड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतली आलमारी. पुराच्या दृष्टीनं ती उत्तम, कारण ती इमारत अंबाझरीखाली नाही. बहुतेक कंपन्या आपल्या आलमारीला कुलूपही लावतात. पण ते कुलूप त्यांचं आणि चाबीही त्यांची. आत काय आहे ते त्यांना, त्यांच्या नोकराला, त्यांना हुकूम देऊ शकणाऱ्याला पाहता येतं. याहून वेगळा प्रकार म्हणजे फाइल आपल्याच यंत्रावर कूटबद्ध करायची आणि मग पाठवायची. आज त्यासाठी सर्रास वापरली जाणारी रीत दोन बेल्जियन गणितज्ञांनी, योन डामेन आणि व्हिन्सेंट रायमेन यांनी रचली. अमेरिकेच्या मानक संस्थेनं ती २००१ साली प्रमाण मानली. कुलपाची रचना जगजाहीर, फक्त चाबी आपली. आलमारीवाल्याला दिसतो तो नुसता खिचडा, आमच्या जुन्या फॉन्टसारखा. फरक इतकाच, की चाबी असणाऱ्याला तो पुन्हा वाचता येतो. क्रिप्टोमेटरसारखी फुकट साधनं हेच करतात. नेक्स्टक्लाऊडनं आलमारीही स्वतःची उभारता येते, पण ती सांभाळायला माणूस लागतो. लहान संस्थेकडे तो नसतो. उगाच हौस करू नये.

हे केवळ संस्थांसाठी करण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न बेनेटेक या कॅलिफोर्नियातल्या ना-नफा संस्थेनं केला होता. २००३ साली त्यांनी 'मार्टस' नावाची प्रणाली काढली. ग्रीकमध्ये या शब्दाचा अर्थ साक्षीदार. मानवी हक्कांचं काम करणाऱ्यांनी पीडितांचे जबाब आपल्याच संगणकावर टिपायचे, तिथेच ते कूटबद्ध व्हायचे आणि दूर दुसऱ्या देशातल्या सर्व्हरवर त्यांची प्रत जायची. कार्यालय जाळलं तरी जबाब राहतो, आणि सर्व्हर कोणी उचलून नेला तरी नाव कळत नाही. ग्वाटेमालात २००५ साली पोलिसांचं जुनं, कोट्यवधी पानांचं दप्तर सापडलं, त्या कामातही मार्टस वापरलं गेलं. आता ते बंद आहे. साधनं येतात आणि जातात, म्हणून दप्तर कुठल्याही एका साधनाच्या भरवशावर ठेवायचं नाही, हे मी तिथून घेतलं.

आणि चाबीच्या प्रश्नाचं उत्तर? ते मला सापडलं तहसील कचेरीत. जुन्या उपकोषागारात 'डबल लॉक' असे. खोलीला दोन कुलपं, एक चाबी तहसीलदाराकडे, दुसरी खजिनदाराकडे. दोघं हजर असल्याशिवाय मुद्रांकाचा एक कागद बाहेर निघत नसे. यात एकच उणीव. दोघांपैकी एक नसला तर काम ठप्प. १९७९ साली, म्हणजे मी पाकिटांना लाख लावत होते त्याच वर्षी, आदि शमीर या इस्रायली गणितज्ञानं ती उणीव गणितानं दूर केली. गुपिताचे तीन तुकडे असे करता येतात, की कोणतेही दोन जुळले तर गुपित उघडतं, पण एकट्या तुकड्यातून काहीच कळत नाही. तीनाचे पाच करा, पाचातले तीन लागतील असं करा, कसंही. दोन पानांचा निबंध आहे तो. कल्पना शाळेतल्या गणिताची: दोन बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते, एका बिंदूतून कितीही.

*

पण कुलपाचं वेड लागू नये. आपल्याच शहरातलं एक प्रकरण आहे. वकील सुरेंद्र गडलिंग यांना जून २०१८ मध्ये भीमा कोरेगाव प्रकरणात अटक झाली, त्यांच्या संगणकातल्या फायली पुरावा म्हणून पुढे आल्या. बचाव पक्षाच्या वतीनं अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेनं त्या संगणकाच्या प्रतीची तपासणी केली. ई-मेलमधून घुसवलेल्या प्रणालीद्वारे कोणीतरी वीस महिने तो संगणक दुरून हाताळत होतं आणि त्यात कागदपत्रं ठेवली गेली, असा त्यांचा २०२१ चा अहवाल. तपास यंत्रणेनं हे निष्कर्ष मान्य केलेले नाहीत. निकाल देणं न्यायालयाचं काम. माझा तो अधिकार नाही. दप्तर सांभाळणारी म्हणून मी त्यातून घेतलं ते इतकंच, की कूटबद्ध पेटी वाटेत आणि दूरच्या आलमारीत सुरक्षित असते. आपण ती ज्या संगणकावर उघडतो, तोच दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर कुलूप काय करणार? अनोळखी जोडफाइल न उघडणं हे साधं शहाणपण सगळ्या गणितापेक्षा जास्त कामाला येतं. आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६९ वं कलमही विसरू नये. सरकारनं रीतसर आदेश दिल्यास चाबी असणाऱ्यानं कुलूप उघडून द्यावं लागतं. नकाराला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ज्याच्याकडे तुकडा सोपवायचा त्याला हे आधी सांगायला हवं. आम्ही सांगितलं. एक जण मागे सरले. त्यांचा राग आला नाही.

नव्या कायद्याचीही एक गंमत आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याला ११ ऑगस्ट २०२३ ला राष्ट्रपतींची संमती मिळाली, पुराच्या सहा आठवडे आधी. नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू. सुरक्षेच्या उपायांत कूटबद्धीकरणाचा स्पष्ट उल्लेख आहे, हयगयीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. कामापुरती माहिती ठेवा, काम संपलं की पुसा, आणि माणसानं मागितलं तर पुसा, असं हा कायदा सांगतो. १९७५ ची ती पाकिटं पुन्हा आली म्हणायची. पण कायदा डिजिटल माहितीचा. व्हरांड्यात वाळवलेली माझी रजिस्टरं त्याच्या कक्षेत नाहीत. मी ती स्कॅन केली की त्याच क्षणी येतात. उलटं वाचता येणारं उघडं रजिस्टर टेबलावर ठेवायला हा कायदा आजही मनाई करत नाही. मला हे पटत नाही.

आम्ही शेवटी काय केलं ते सांगते. वडिलांसारख्या दोन वह्या केल्या. एका फाइलमध्ये क्रमांक आणि हकिकत, दुसऱ्या फाइलमध्ये क्रमांक आणि नाव-पत्ता. दोन्ही आमच्याच संगणकावर कूटबद्ध होतात आणि वेगवेगळ्या ठिकाणी जातात. नावांच्या फाइलच्या चाबीचे तीन तुकडे. एक अध्यक्षांकडे, एक खजिनदारांकडे, एक बँकेच्या लॉकरमध्ये सीलबंद पाकिटात. पाकिटावर मी हातानं 'गुप्त' लिहिलं. पोरं हसली.

दिवाळीच्या साफसफाईत दर वर्षी पेटी उघडून पाहायची, असं ठरलं. पहिल्याच वर्षी, २०२४ साली, ती उघडली नाही. हकिकतीच्या फाइलचा परवलीचा वाक्यांश मराठीत ठेवला होता, हट्ट माझाच. तो कागदावर बरोबर, टाइप केला तोही बरोबर, तरी कुलूप ढिम्म. दीड तास सगळे घामाघूम. मग आमच्या तरुण प्राध्यापकाच्या लक्षात आलं. वाक्यांशात 'दुसऱ्या' हा शब्द होता. त्यातला 'ऱ' काही यंत्रं एक अक्षर म्हणून साठवतात, काही 'र' आणि खालचा नुक्ता अशी दोन. डोळ्यांना फरक शून्य, कुलपाला मात्र सगळाच. ज्या फोनवरून तो ठेवला होता तो फोन आणला आणि पेटी उघडली. आता वाक्यांशात 'ऱ' नाही. ज्यांना मराठी परवलीचा शब्द ठेवायचा आहे त्यांनी हे लक्षात घ्यावं, म्हणून इतकं सविस्तर लिहिलं.

गेल्या वर्षीची तालीम मी मुद्दाम गेलेच नाही. माझ्याशिवाय उघडते का, तेच पाहायचं होतं. उघडली.

ती फेब्रुवारीतली बाई या उन्हाळ्यात पुन्हा आली होती. तिचा वाद आपसात मिटला होता, थोडंफार पदरात पडलं होतं. पुढच्या महिन्यात नातीचं लग्न. चहा झाल्यावर तिनं विचारलं, "ताई, माझं नाव अजून आहे का जी तुमच्याकडे कुठे?" मी तिला ते निळ्या डागाचं पान दाखवलं. नाव नाही, नुसता पेन्सिलचा आकडा. तिनं बराच वेळ त्याकडे पाहिलं. "हे ठेवा," म्हणाली. नव्या फाइलमध्ये तो क्रमांक घेतला आहे, समोरची नावाची जागा तिच्या सांगण्यावरून रिकामी सोडली आहे. लॉकरचं पाकीट या धनत्रयोदशीच्या आधी नव्यानं सील करायचं आहे, खजिनदार बदलले.